झाडं हलवायला मिनी ट्रॅक्टर घ्यावा की लोडर? मातीच्या गोळ्याच्या वजनावरून यंत्र कसं निवडावं

सांगली, मिरज, कराड, फलटण, कुठल्याही शोरूममध्ये गेलात तरी पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा बघताय?" नांगरट, रोटर, ब्लोअर (बागेतलं फवारणी यंत्र) यांसाठी हा प्रश्न रास्त आहे. नर्सरीतलं आठ-दहा फुटी झाड मुळांच्या गोळ्यासकट उचलून दुसऱ्या खड्ड्यात नेऊन ठेवायचं असेल, तर मात्र एचपीचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. इथं पाच गोष्टी बघायच्या: गोळ्याचं वजन किती, ते चाकापासून किती लांब लटकणार, यंत्राचं स्वतःचं वजन किती, वाट केवढी आणि जमीन कसली. नर्सरीवाले, फार्महाऊसला तयार झाडं लावणारे लँडस्केपवाले आणि बांधावरची झाडं हलवू पाहणारे शेतकरी यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी गोळ्याचं वजन काढा

झाडाची उंची बघून अंदाज बांधणारे हमखास फसतात. वजन फांद्यांत नसतं, मातीत असतं. जमिनीपासून वीतभर वर खोडाची जाडी मोजा. तिच्या दहा ते बारा पट व्यासाचा गोळा ठेवावा लागतो. म्हणजे तीन इंच जाडीच्या कडुलिंबाला अडीच ते तीन फुटांचा गोळा आला. यापेक्षा लहान काढलात तर यंत्राला सोपं जाईल, झाडाला नाही.

वजनाचा हिशोब डोक्यात ठेवण्याइतका सोपा आहे. गोळ्याचा व्यास फुटांत घ्या, त्याला व्यासानंच गुणा, मग खोलीनं गुणा आणि शेवटी २८ नं गुणा. उत्तर किलोत येतं. गोळा खाली निमुळता असतो आणि ओलसर मातीचं वजन घनमीटरला १,७०० किलोच्या आसपास असतं, हे दोन्ही त्या २८ मध्ये आलेलं आहे.

२ फूट व्यास, दीड फूट खोली: १६८ किलो. ३ फूट व्यास, २ फूट खोली: ५०४ किलो. ४ फूट व्यास, अडीच फूट खोली: ११२० किलो. व्यास दुप्पट झाला आणि त्यासोबत खोलीही वाढली की वजन साडेसहा पटीवर जातं, हे नीट बघून घ्या. "दोन फुटांचा गोळा आरामात उचलतो, मग तीन फुटांचाही उचलेल" असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला हीच बेरीज करून दाखवा. या वजनावर खोड-फांद्यांसाठी १५ टक्के वाढवा. पावसानं चिंब झालेली कृष्णाकाठची काळी माती असेल तर आणखी दहा टक्के.

पिशवीतल्या झाडांना हा हिशोब लागू होत नाही, कारण पिशवी खाली निमुळती नसते आणि तिच्यातलं मिश्रण हलकं असतं. दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच भरलेली पिशवी पाणी दिल्यावर शंभर किलोच्या आसपास जाते. ज्यांचा सगळा धंदा पिशव्यांचा आहे त्यांना ट्रॅक्टरपेक्षा चांगली ढकलगाडी, ट्रॉलीला लावायची फळी आणि चार माणसं स्वस्त पडतात.

आता वर्षभरात हलवणार असलेल्या झाडांची यादी करा आणि प्रत्येकापुढे वजन लिहा. यंत्र निवडायचं ते यादीतल्या सगळ्यात मोठ्या झाडावरून नव्हे, दर आठवड्याला हाताळाव्या लागणाऱ्या वजनावरून. मोठी चार झाडं भाड्याच्या यंत्रानं होतात. काही झाडं तर या यादीत येतच नाहीत. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा सुमारे ४०० वर्षांचा वड २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला, तेव्हा लोकांनी आवाज उठवल्यावर रस्त्याची आखणीच बदलली. तेवढ्या झाडाच्या बाबतीत शहाणपणाचं तेच होतं.

वाट मोजा, तीही पावसाळ्यातली

टेप घेऊन फाटकापासून खड्ड्यापर्यंत चाला. सगळ्यात अरुंद जागा, सगळ्यात अवघड वळण, पाटावरची मोरी, बांधाची उंची आणि वरून गेलेल्या तारा लिहून घ्या. द्राक्षबागेत ९ फुटी ओळ असली तरी मांडवाच्या आडव्या अँगलमुळे प्रत्यक्ष मोकळी जागा बरीच कमी मिळते. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागात मिनी ट्रॅक्टर एवढे दिसतात ते याच अडचणीमुळे. त्याचा फायदा आपल्याला होतो: सुटे भाग आणि मिस्त्री दोन्ही जवळ मिळतात.

मोरीच्या पाइपवर मिनी ट्रॅक्टर सहज जातो, जेसीबी गेला तर पाइप बसण्याची भीती. हे भाड्याचं यंत्र यायच्या दिवशी नाही, आजच बघायचं.

मागे उचलायचं असेल तर आकडा नीट वाचा

मिनी ट्रॅक्टरच्या पत्रकात लिफ्टची, म्हणजे मागे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेची, क्षमता दिलेली असते. महिंद्रा जिवो २४५ डीआय फोरव्हील आणि कुबोटा बी २४४१ हे दोन्ही २४ एचपीचे, दोघांचीही क्षमता ७५० किलो. जॉन डीअर ३०२८ ईएनची ९१० किलो. थोडा मोठा कुबोटा एल ४५०८ घेतला तर १,३०० किलो. हे आकडे खोटे नाहीत, पण ते लोअर लिंकच्या (लिफ्टच्या खालच्या दोन दांड्यांच्या) टोकाशी मोजलेले असतात, म्हणजे जिथं पिन बसते तिथं. झाड तिथं कधीच नसतं.

गोळा पिनेपासून दोन फूट मागे आला की ताकद पाव ते एक तृतीयांशानं घटते. लिफ्टवर बूम (मागे निघालेला लांब दांडा) लावून हुकाला झाड टांगलं तर ते आणखी मागे जातं, तेव्हा पत्रकातला आकडा सरळ निम्मा धरा. ७५० चे झाले ३७५.

तरी हे अर्धंच गणित झालं. बहुतेकांची खरी अडचण लिफ्टमध्ये नसून पुढच्या चाकांत असते. मागे वजन लटकलं की ट्रॅक्टर मागच्या एक्सलवर तराजूसारखा झुकतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टीअरिंग फिरतं, पण ट्रॅक्टर वळत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा ट्रॅक्टरचं वजन ९०० किलो, त्यातलं ३८० पुढच्या एक्सलवर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) ५ फूट. २५० किलोचं झाड मागच्या एक्सलपासून ४ फूट मागे टांगलं. २५० गुणिले ४ भागिले ५, म्हणजे पुढून २०० किलो उचलले गेले. उरले १८०. स्टीअरिंग ताब्यात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढे हवा, म्हणजे इथं नेमके १८०. अशा ट्रॅक्टरची सपाट जमिनीवरची मर्यादा २५० किलो झाली, पत्रकात ७५० असले तरी.

आता पुढच्या बंपरला, एक्सलच्या दोन फूट पुढे, १०० किलोची वजनं लावा. पुढच्या चाकांवर १४० किलो वाढतात आणि तोच ट्रॅक्टर कागदावर ४०० किलोपर्यंत जातो. तिथं लिफ्टची ३७५ ची मर्यादा आडवी येते. खड्डे, धक्के, ब्रेक यांचा विचार केला तर शेतात ३०० च्या वर जाऊ नये. दोन फुटांचा गोळा निवांत, अडीच फूट व्यास आणि दीड फूट खोलीचा (सुमारे २६० किलो, फांद्यांसकट ३००) जेमतेम. त्यापुढे नाही. वजनं सोसणारा बंपर कंपनीचा असावा, पत्र्याला वेल्डिंग केलेला नको. मागच्या टायरांत पाणी भरून इथं उपयोग होत नाही, कारण ते वजन एक्सलवरच बसतं, पुढची चाकं काही खाली दाबत नाही.

ही सगळी बेरीज करायला डीलरकडून तीन आकडे मागा: एकूण वजन, पुढच्या एक्सलवरचं वजन, व्हीलबेस. पुढच्या एक्सलवरचं वजन पत्रकात बहुधा नसतं. मग ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्या आणि फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पावती घ्या. साखर कारखान्यांच्या मुलखात काटा शोधावा लागत नाही.

दोन मॉडेलांत अडकलात तर माझं मत जड ट्रॅक्टरला. एचपी चारनं कमी चालेल, वजन दोनशे किलोनं जास्त हवं.

पुढे लोडर बसवायचा विचार असेल तर

समोर बादली किंवा फोर्क (खालून आधार देणारे दोन आडवे दांडे) असला की झाड डोळ्यांसमोर राहतं आणि ट्रॉलीत ठेवता येतं. मागच्या लिफ्टनं झाड जमिनीपासून फूट-दीड फूट उचलून नेता येतं, गाडीत चढवणं तिचं काम नव्हे. ट्रॉली किंवा टेम्पो भरायचा असेल तर लोडरच लागतो.

मिनी ट्रॅक्टरला लोडर बहुतेक वेळा स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवून बसवतात. काम सफाईदार असतं, पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढच्या एक्सलला कंपनीनं किती भार मान्य केला आहे? लोडरचं स्वतःचं वजन आणि गोळा मिळून तो आकडा ओलांडतो का? आणि लोडरची फ्रेम मागे एक्सलच्या घरापर्यंत नेली आहे, की नुसती गिअरबॉक्सच्या बोल्टांवर टांगली आहे? दुसऱ्या प्रकारात हाउसिंगला चीर जाण्याचा धोका असतो आणि कंपनी वॉरंटी नाकारते. वॉरंटीचं उत्तर डीलरकडून लेखी घ्या.

पुढच्या लोडरला मागे तोल देणारं वजन लागतंच. इथं टायरांतलं पाणी कामी येतं, शिवाय लिफ्टला काँक्रीटचा ठोकळा किंवा भरलेली पेटी अडकवा. लोडरचा आकडाही कुठं मोजला आहे ते बघा. बादलीच्या पिनेशी आणि फोर्कच्या टोकाकडे यांत मोठा फरक पडतो, आणि पूर्ण उंचीवर क्षमता आणखी घटते. हायड्रॉलिक पंप लहान असेल तर लोडर उचलतो, पण इतका सावकाश की दिवसाकाठी झाडांची संख्या निम्मी होते.

स्किड स्टीअर, जेसीबी, हायड्रा

रोज ४००-६०० किलोचे गोळे हाताळायचे असतील, तर ट्रॅक्टरवर लोडर चढवण्यापेक्षा स्किड स्टीअर (लहान, स्वतंत्र लोडर) बरा. बॉबकॅट आणि जेसीबी या दोघांचीही लहान मॉडेलं मिळतात. चाकांच्या मशीनची कामाची क्षमता उलटण्याच्या भाराच्या ५० टक्के धरतात, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या मशीनची ३५ टक्के. पत्रकात नेमका कोणता आकडा दिला आहे ते तपासा, उलटण्याचा भारच ठळक छापलेला असतो तिथं घोळ होतो. हे मशीन जागच्या जागी फिरतं, पण फिरताना जमीन ओरबाडतं. लॉन तयार झालेल्या बंगल्यात त्याला नेलंत तर झाडाच्या पैशातून लॉन भरून द्यावं लागेल. शिवाय नांगरट, फवारणी यातलं काही त्याच्याकडून होत नाही. पुरेसं काम नसेल तर ते शेडमध्ये हप्ते खात बसतं.

जेसीबी साडेसात टनांच्या घरातला. चर खणणं, गोळा मोकळा करणं, उचलणं, खड्डा काढणं सगळं एकाच भाड्यात होतं. तीन फुटांच्या पुढचे गोळे त्यालाच द्या. ऑपरेटरला आधीच सांगा की बादलीच्या दातांनी गोळा ढकलायचा नाही, पट्टा लावूनच उचलायचा. नाल्याची कामं करणारा हात आणि झाड उचलणारा हात वेगळा असतो. ओळखीतला सावकाश ऑपरेटर मिळाला तर तासाला थोडे जास्त गेले तरी परवडतं. टनाच्या वरचं झाड भिंतीपलीकडे ठेवायचं असेल तर हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलवावा, पण बूम जितका लांब काढाल तितकी त्याची ताकद घटते हे लक्षात ठेवून त्याला शक्य तितका जवळ उभा करा.

वर्षाला मोठी दहा-बारा झाडंच असतील तर यंत्र विकत घेऊ नका. भाड्यानं आणा. लहान झाडं दर आठवड्याला आणि मोठी कधीमधी, असं काम असेल तर फोरव्हील मिनी ट्रॅक्टर स्वतःचा आणि जेसीबी भाड्याचा, ही जोडी आपल्याकडच्या बहुतेक नर्सऱ्यांना पुरते.

जोड कुठला घ्यावा

मागच्या लिफ्टला तीन प्रकारचे जोड लावता येतात: बूम, फोर्क आणि गोळ्याला कवेत घेणारा अर्धगोल पाळणा. मी पाळणा आधी घेईन. तो गोळ्याला खालून आधार देतो आणि झाड एक्सलच्या जवळ ठेवतो. वरच्या हिशोबात ४ फुटांचे ३ फूट झाले की त्याच ट्रॅक्टरची वजनं न लावता मर्यादा २५० वरून ३३० च्या पुढे जाते. कुपवाड किंवा कराडकडचं कुठलंही बरं फॅब्रिकेशन वर्कशॉप तो बनवून देतं. पिनांचं माप सांगताना चूक करू नका: कॅटेगरी १ ची खालची पिन २२ मिलिमीटरची, कॅटेगरी २ ची २८ ची. पाळण्याचं वजनही झाडाच्या वजनात धरायचं. वर्कशॉपवाल्यांना जाड पत्रा वापरायची हौस असते, ऐंशी किलोचा पाळणा म्हणजे ऐंशी किलोचं झाड कमी.

पट्टे चपटे आणि रुंद घ्या, त्यांच्यावर भाराची चिठ्ठी शिवलेली असावी. साखळी खोडाला कधीही लावायची नाही. खोडाला धरून झाड उचललं की साल आतून सुटते, वरून काही दिसत नाही आणि दोन महिन्यांनी झाड वाळतं. गोळ्याला गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळा, पट्टा गोळ्याखालून घ्या आणि खोडाला फक्त तोल राखण्यापुरता दोर.

वाफसा झाडाला, वाफसा चाकालाही

झाड हलवायला पावसाळ्याची सुरुवात उत्तम. नेमकी तीच वेळ काळ्या रानात यंत्र घालायला सगळ्यात वाईट. वाळवा, पलूस, मिरज पश्चिम भागात जुलैच्या झडीत टूव्हील (फक्त मागची चाकं ओढणारा) ट्रॅक्टर मागे तीनशे किलो घेऊन निघाला की तो जागेवरच चाक फिरवत बसतो.

म्हणून काम दोन टप्प्यांत विभागा. हलवायच्या झाडाभोवती हिवाळ्याच्या अखेरीस अर्धा चर काढून मुळं छाटा, चर मातीनं भरा आणि पाणी देत राहा. गोळ्याच्या आत नवी बारीक मुळं फुटतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर वाफसा आला की उरलेला अर्धा चर खणून झाड उचला. त्या वेळी माती गोळा धरते आणि चाकालाही धरते. काळी माती पूर्ण सुकली तर भेगाळून गोळा फुटतो, चिंब असेल तर चिखल होऊन गळतो.

माण, खटाव, आटपाडी, जतच्या मुरमाड रानात यंत्र रुतत नाही, पण माती गोळाच धरत नाही. तिथं आदल्या दिवशी पाणी देऊन, गोणपाटावरून तारेची जाळी आवळूनच उचलावं लागतं, आणि बूमपेक्षा पाळणा हवाच. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या उतारावर वेगळाच नियम: मागे झाड असेल तर चढ रिव्हर्समध्ये चढायचा आणि सरळ उतरायचं, पुढे लोडरवर झाड असेल तर सरळ चढायचं आणि रिव्हर्समध्ये उतरायचं. दोन्हीत वजन चढाच्या बाजूला राहतं. आडव्या उतारावर लटकतं झाड घेऊन जाऊच नका.

थोडक्यात, फोरव्हील घ्या. टूव्हीलमध्ये वाचलेले पैसे दोन पावसाळ्यांत दुसऱ्याचा ट्रॅक्टर ओढायला बोलावण्यात जातात. मागच्या चाकांची रुंदी वाढवता येत असेल तर झाडाच्या कामापुरती ती वाढवून ठेवा. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट) असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या आणि बसताना पट्टा बांधा. झाड जमिनीपासून वीतभरच उंच ठेवून चालवायचं. त्याच्या शेंड्याला महावितरणच्या तारा लागणार नाहीत ना, हे खाली चालणाऱ्या माणसानं बघायचं, चालकानं नव्हे.

ट्रायल पाण्याच्या ड्रमनं घ्या

शोरूमच्या काँक्रीटवर फेरी मारून काही कळत नाही. २०० लिटरचा ड्रम पाण्यानं काठोकाठ भरला की २०० किलो पाणी अधिक ड्रमचं वजन, असा नेमका भार हाताशी येतो. तो लिफ्टवर घ्या, मोजून तुमच्या गोळ्याइतका मागे. ट्रॅक्टर सावकाश चालवा, पूर्ण वळवा, ब्रेक लावा, फुटभर बांध चढवून बघा. नंतर लिफ्ट वर ठेवून इंजिन बंद करा, ड्रमच्या तळाची उंची खडूनं भिंतीवर मांडा आणि चहा घेऊन या. अर्ध्या तासात चार बोटांहून जास्त खाली आला असेल तर त्या लिफ्टवर झाड टांगून चालण्यात अर्थ नाही.

जुना ट्रॅक्टर बघत असाल तर एमएच १० आणि एमएच ५० पासिंगचे भरपूर मिनी ट्रॅक्टर द्राक्षबागेतून आलेले असतात. त्यांनी लिफ्टचं काम फारसं केलेलं नसतं, ही जमेची बाजू. पण ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत ब्लोअर चालवून पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि क्लच झिजलेले असतात. मोरचूद आणि गंधकाच्या फवाऱ्यानं वायरिंगचे जोड, बॅटरीची टर्मिनलं आणि पुढच्या एक्सलचे बोल्ट खाल्लेले असतात. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवा, किंगपिनची (चाक ज्या पिनेवर वळतं तिची) खटखट लगेच कळते. मीटरमधले तास बघून भाव ठरवू नका, क्लच पेडल आणि सीटची झीज बघा.

कागदपत्रं

नवा ट्रॅक्टर अनुदानात घ्यायचा असेल तर महाडीबीटी पोर्टलवर आधी अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी बिल फाडलं तर अनुदान गेलं. स्वतःच्या शेतात आणि नर्सरीत शेतीच्या पासिंगवर काम चालतं. दुसऱ्यांची झाडं भाड्यानं हलवणार असाल तर नोंदणी आणि विमा त्या वापराला लागू आहे का, हे आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

झाडाचीही परवानगी लागते. महापालिका-नगरपालिका हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वेगळं संरक्षण आहे. ग्रामीण भागात आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, चंदन ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत येतात, त्यामुळे बांधावरचं असं झाड हलवण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन या. परवानगीचा कागद ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा, कारण गोणपाटात बांधलेलं झाड रस्त्यानं जाताना अडवतात ते ड्रायव्हरला.